कातामार्काच्या खारट जमिनीत पहिले भोक पाडण्यापूर्वी : केंद्रीय खाण मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, खाण मंत्रालय, भारत सरकार, नवी दिल्ली
आणि
मा. अध्यक्ष व संचालक मंडळ, खनिज बिदेश इंडिया लिमिटेड (काबिल)

विषय : अर्जेंटिनातील कातामार्का प्रांतातले लिथियमचे गट आणि तेथील कुटुंबांचे पाणी

महोदय,

मी रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात राहणारी एक निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे मिठागरे होती. खाणकाम हा माझा विषय नव्हे. पण खाऱ्या पाण्यावर जगणारी माणसे आणि त्यांच्या दारात एके दिवशी मोजणीची साखळी घेऊन येणारे सरकार या दोन्ही गोष्टी मी अगदी जवळून पाहिल्या आहेत, आणि तेवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

१५ जानेवारी २०२४ रोजी आपल्या अधिपत्याखालील ‘काबिल’ या कंपनीने कातामार्का प्रांताच्या मालकीच्या ‘कामिएन’ या कंपनीशी करार केला. त्यानुसार सुमारे १५,७०३ हेक्टर क्षेत्रातील पाच गटांत, म्हणजे खाणीसाठी आखून दिलेल्या जमिनींत, बॅटरीसाठी लागणाऱ्या लिथियमचा शोध घेण्याचे आणि पुढे ते काढण्याचे हक्क भारताला मिळाले. भारताच्या सरकारी कंपनीचा लिथियमचा हा पहिलाच प्रकल्प असून त्याचा खर्च सुमारे २०० कोटी रुपये आहे. मंत्रालयाने त्या वेळी काढलेल्या पत्रकात गटांची नावे, क्षेत्रफळ आणि खर्च हे सगळे दिलेले होते. त्या जमिनीवर कोण राहते, कोणाची जनावरे तिथे चरतात आणि कोण तिथले पाणी पिते, याविषयी मात्र मला त्यात एक ओळही आढळली नाही. ती ओळ लिहिली जावी, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

कातामार्का हा अर्जेंटिनाच्या वायव्येचा डोंगराळ प्रांत. त्याच्या उत्तरेकडे पुना नावाचे पठार आहे. आंतोफागास्ता दे ला सिएरा हे तिथले मुख्य गावच समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरहून उंच आहे आणि मिठाची मैदाने त्याहूनही वर आहेत. तिथे पाऊस नावालाच पडतो, रात्री पाणी गोठते आणि शेती जवळजवळ होत नाही. अशा ठिकाणी माणसे टिकली ती लामा, मेंढ्या आणि शेळ्या यांच्या जिवावर, आणि ही जनावरे जगतात ती ‘बेगा’ नावाच्या ओल्या कुरणांवर. बर्फ वितळून येणारा झरा जिथे सपाटीवर पसरतो, तिथे चार-दोन शेतांएवढी जागा हिरवी होते, आणि आजूबाजूला मैलोन्‌मैल करडी माती आणि पांढरे मीठ असताना तेवढ्याच हिरव्या तुकड्यावर एखाद्या कुटुंबाचा कळप वर्षभर अवलंबून असतो. दूध, मांस, लोकर, आणि त्या लोकरीतून बायका विणतात ते पोंचो आणि घोंगड्या, हे सारे त्या तुकड्यातून येते. नकाशावर हे कुरण बोटाने झाकले जाईल इतके लहान दिसते. म्हणूनच ते कागदपत्रांतून सहज निसटते.

आता लिथियम तिथे कसे काढतात ते पाहू. आमच्या मिठागरात भरतीचे पाणी आत घ्यायचे, बांध घालून ते एका खाचरातून दुसऱ्यात सोडायचे, उन्हाने ते आटत गेले की शेवटच्या खाचरात मीठ धरते आणि मग ते ओढून त्याची रास करायची. पुनाच्या पठारावरची पद्धत वरवर पाहता हीच आहे. मिठाच्या थराखालचे खारे द्रावण पंपाने वर आणतात, मोठमोठ्या तळ्यांत पसरतात आणि वर्ष-दीड वर्ष ते आटू देतात. एक टन लिथियम कार्बोनेट मिळवायला असे शेकडो घनमीटर, म्हणजे काही लाख लिटर, द्रावण वर काढावे लागते. फरक एवढाच की आमच्या खाचरातले पाणी समुद्राचे होते. ते आज उडून गेले तरी उद्याच्या भरतीला पुन्हा दारात हजर. पुनाच्या पठाराला समुद्र नाही. तिथली खोरी चारही बाजूंनी बंद आहेत. त्यांतले पाणी कुठेही वाहून जात नाही आणि बाहेरून येतेही फारच थोडे. तळ्यातून जे उडाले ते त्या खोऱ्याच्या हिशेबातून गेले.

खारे द्रावण कोणी पीत नाही, मग ते काढल्याने कोणाचे काय जाते, असा युक्तिवाद या व्यवसायात सर्रास केला जातो. खाडीकाठच्या कोणत्याही बाईला याचे उत्तर ठाऊक आहे. आमच्या भागातल्या विहिरींत गोडे पाणी वर तरंगते आणि खारे खाली असते. एका बाजूने उपसा वाढला की दुसऱ्या बाजूची पातळी हलते आणि कालपर्यंत गोडी असलेली विहीर मचूळ होते. मिठाच्या मैदानाच्या कडेलाही गोडे पाणी असेच खाऱ्याला टेकून उभे असते, आणि बेगा नेमक्या त्या कडेलाच असतात. मधले द्रावण उपसले तर कडेचे पाणी आत सरकण्याची भीती असते. ते किती सरकेल, किती वर्षांत सरकेल, हे प्रत्येक खोऱ्यात वेगळे असते, आणि ते मोजल्याशिवाय कळत नाही.

नवे तंत्र आले की तळी लागणारच नाहीत, असेही सांगितले जाते. पण कातामार्कातला सर्वांत जुना प्रकल्प मुळातच अशा तंत्रावर उभा आहे. सालार देल ओम्ब्रे मुएर्तो, म्हणजे ‘मेलेल्या माणसाचे मिठाचे मैदान’, तिथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून एक परदेशी कंपनी लिथियम काढते. द्रावणातून लिथियम निवडून शोषून घेण्याची तिची पद्धत आहे आणि त्या पद्धतीला गोडे पाणी लागते. ते गोडे पाणी ट्रापिचे नदीतून घेतले गेले. आज ट्रापिचेची बेगा वाळलेली आहे. तिथे एकेकाळी जनावरे चारणाऱ्या कुटुंबांनी ती हिरवी असतानाही पाहिली आणि पिवळी पडतानाही. त्यानंतर प्रकल्पांची नजर शेजारच्या लोस पातोस नदीकडे वळली, तेव्हा तिथल्या अताकामेन्योस देल आल्तिप्लानो या आदिवासी समुदायाने न्यायालयाचा रस्ता धरला. मार्च २०२४ मध्ये, म्हणजे आपल्या करारानंतर दोनच महिन्यांनी, कातामार्काच्या सर्वोच्च न्यायपीठाने आदेश दिला की या खोऱ्यातील सर्व प्रकल्पांचा मिळून पाण्यावर काय परिणाम होतो याचा एकत्रित अभ्यास होईपर्यंत तेथे नवे परवाने देऊ नयेत.

या आदेशातील ‘एकत्रित’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक कंपनी आपापल्या गटाचा अहवाल देते आणि प्रत्येक अहवालात परिणाम किरकोळ असतो. पण बेगेला कोणत्या गटाने किती पाणी ओढले हे कळत नाही. तिला सगळ्यांचा उपसा मिळून सोसावा लागतो. आमच्याकडेही एकेक भराव असाच किरकोळ होता. पहिल्या भरावाने कोणाचे काही गेले नाही. नंतर उधाणाचे पाणी ठरलेली वाट सोडून घरांत शिरू लागले, आणि प्रत्येक भराववाला आपल्या भरावाचा कागद दाखवून मोकळा झाला.

कातामार्काच्या लोकांना खाण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. बाहो दे ला आलुम्ब्रेरा ही तांब्या-सोन्याची प्रचंड उघडी खाण तिथे १९९७ साली सुरू झाली आणि २०१८ पर्यंत चालली. प्रांताचे भाग्य उजळेल असे तेव्हा सांगितले गेले. पण १९९३ च्या राष्ट्रीय कायद्याने प्रांतांना मिळणारे स्वामित्वधन खाणीच्या तोंडाशी धरलेल्या किमतीच्या ३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले होते, आणि अगदी जवळच्या आंदालगाला गावातल्या कित्येकांना आपल्या वाट्याला धूळ आणि पाण्याची काळजीच आली असे वाटत राहिले. पुढे दुसऱ्या खाणीचा प्रस्ताव आला तेव्हा गावकरी रस्त्यावर बसले, आणि १५ फेब्रुवारी २०१० रोजी पोलिसांनी बळ वापरून त्यांना हटवले. तेव्हापासून आंदालगालाचे लोक दर शनिवारी गावच्या चौकाभोवती चालत फेरी काढत आले आहेत. त्यांची घोषणा साधी आहे : सोन्यापेक्षा पाणी मोलाचे. जे लोक वर्षानुवर्षे शनिवार चुकवत नाहीत, त्यांना विकासविरोधी म्हणून बाजूला सारणे मला तरी जमणार नाही.

आणखी उत्तरेकडच्या हुहुई प्रांतात सालिनास ग्रांदेस नावाचे मिठाचे मैदान आहे. तिथली कुटुंबे कुऱ्हाडीने मिठाच्या लाद्या तोडत आली, आयताकृती खाचरे खणून मीठ पिकवत आली. त्या मैदानाचे आणि ग्वायातायोक सरोवराचे खोरे ज्यांचे आहे अशा ३३ समुदायांनी २०१५ साली एक दस्तऐवज तयार केला. त्याचे नाव ‘काची युपी’, म्हणजे केचुआ भाषेत ‘मिठाच्या पाऊलखुणा’. आमच्याशी सल्लामसलत करायची असेल तर ती कशी करावी, माहिती कोणत्या भाषेत आणि किती आधी द्यावी, सभा कुठे घ्यावी, निर्णय कसा व्हावा, हे त्यांनी स्वतः त्यात लिहून ठेवले. मिठाचे पीक, त्याचा हंगाम आणि त्याची विश्रांती या चक्राच्या आधारे त्यांनी ही कार्यपद्धती मांडली आहे. मिठागरवाल्या घरात वाढल्यामुळे असेल, पण ते वाचताना मला कुठेही परके वाटले नाही. पीक घ्यायचे तर आधी बांध घालावा लागतो, पाणी मुरू द्यावे लागते आणि घाई केली तर हाती चिखल येतो, हे आमच्याकडे पोरालाही कळत असे.

त्याच हुहुईमध्ये जून २०२३ मध्ये प्रांताची राज्यघटना घाईघाईने बदलण्यात आली. जमीन आणि निदर्शनांविषयीच्या तरतुदींवर आम्हाला विचारलेच नाही, असे म्हणत आदिवासी समुदायांनी रस्ते अडवले. पुर्मामार्का इथे पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या आणि माणसांचे डोळे जायबंदी झाले. मग हे लोक ‘मालोन दे ला पास’, म्हणजे शांततेची चढाई, या नावाने ब्युनोस आयर्सपर्यंत गेले. याच नावाने त्यांचे आजे-पणजे १९४६ साली जमिनीचे हक्क मागत राजधानीला पायी गेले होते. २०२३ ची चढाई राजधानीत पोहोचली ती १ ऑगस्टला. तो पाचामामाचा, म्हणजे भूमातेचा, दिवस. त्या दिवशी पठारावरचे प्रत्येक घर अंगणात खड्डा घेते, त्यात शिजवलेले अन्न, कोकाची पाने आणि पेय घालते आणि मग तो माती लोटून बुजवते. जमीन उघडायची तर आधी तिला खाऊ घालायचे, अशी ही रीत आहे. आपल्याकडे पाया खणताना नारळ फोडणाऱ्या कोणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

महोदय, या सर्वांत भारताचा दोष नाही, हे मी जाणते. ट्रापिचे वाळली तेव्हा आपण तिथे नव्हतो. काही समुदायांनी कंपन्यांशी करार केले आहेत आणि अनेक तरुणांना खाणीतला पगार हवा आहे, हेही खरे आहे. पुनातल्या मुलांना शाळेसाठी घर सोडून वसतिशाळेत राहावे लागते, दवाखाना दूर असतो. अशा ठिकाणी रस्ता आणि रोजगार नको म्हणा असे त्यांना सांगणारी मी कोण? माझ्या स्वतःच्या घरी विजेवर चालणारी दुचाकी आहे. रात्री ती चार्जिंगला लावताना त्या बॅटरीतले लिथियम कुठल्या तरी मिठाच्या मैदानातून आले आहे हे मला ठाऊक असते. पेट्रोल सोडायचे तर बॅटरी लागणार आणि बॅटरीसाठी लिथियम लागणार. त्यासाठी आज आपण इतर देशांवर, मुख्यतः चीनवर, अवलंबून आहोत. ही सरकारची अडचण मी समजू शकते. म्हणून ‘करार रद्द करा’ असे मी लिहीत नाही. मी विचारते आहे ते एवढेच, की भारतात जे करणे कायद्याने बंधनकारक आहे ते आपली सरकारी कंपनी कातामार्कात स्वेच्छेने करणार की नाही?

कारण आपल्याकडे हा प्रश्न सुटलेला आहे. निदान कागदावर तरी. आदिवासी भागांतल्या ग्रामसभांसाठीचा १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी ग्रामसभेला बोलायचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने तो वापरून आपले जंगल सांभाळून दाखवले. ‘काबिल’मधील सर्वांत मोठा भागीदार असलेल्या नाल्को या ॲल्युमिनियमच्या सरकारी कंपनीचे मुख्यालय ओडिशात आहे, आणि त्याच ओडिशातल्या नियमगिरी डोंगरात बॉक्साइटची खाण व्हावी की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ग्रामसभांना विचारायला लावले. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि तो नकार मानला गेला. परदेशात जाताना हा वारसा आपण विमानतळावर ठेवून जातो की काय, अशी मला भीती वाटते. अर्जेंटिनाने आदिवासींच्या पूर्वसल्लामसलतीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार २००० साली मान्य केला आहे. तो भारताने मान्य केलेला नाही, पण तिथे काम करणाऱ्या प्रत्येकाला ती चौकट लागू पडते. पर्यावरणविषयक माहिती आणि सहभागाचा हक्क देणारा एस्कासू करार २०२१ पासून अमलात आहे आणि अर्जेंटिना त्याचा सदस्य आहे. मात्र अलीकडे तिथले वारे उलट दिशेने वाहत आहेत. २०२४ मध्ये मोठ्या गुंतवणुकीला ३० वर्षे करसवलती आणि स्थिर नियमांची हमी देणारी व्यवस्था आली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस आदिवासींना त्यांच्या जमिनीवरून हटवण्यास स्थगिती देणारा २००६ पासूनचा कायदा मोडीत काढण्यात आला. यजमान सरकारने दार सताड उघडले म्हणून पाहुण्याने चपला घालून देवघरात जावे असे नाही.

इथे मला आमच्या घरची एक आठवण लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी शाळेत असताना आमच्या मिठागरावर एके सकाळी चार माणसे आली. एकाच्या हातात लोखंडी साखळी होती, दुसऱ्याकडे लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. उन्हाची वेळ होती, म्हणून आईने त्यांना आधी तांब्याभर पाणी दिले आणि मग विचारले, ही कशाची मोजणी? त्यांनी सांगितले, सरकारी काम आहे, कागद येईल. कागद आला तेव्हा तो इतक्या जड भाषेत होता की मॅट्रिक झालेल्या माझ्या मामालाही तो दोनदा वाचावा लागला. हरकतीची मुदत त्यात लिहिली होती आणि ती संपायला चारच दिवस राहिले होते. पुढे जानेवारी १९८४ मध्ये आमच्याच तालुक्यात, जासईच्या परिसरात, नवे शहर आणि बंदर यांसाठी जमिनी घेतल्या जात होत्या त्याविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण गेले, आणि त्यानंतर कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचा न्याय निघाला. आमच्या लोकांचा बंदराला, शहराला विरोध नव्हता. त्यांना आधी, समजेल अशा भाषेत आणि माणूस म्हणून विचारायला हवे होते. पाणी आईने दिले होते; विचारायची पाळी समोरच्याची होती.

म्हणून माझी मागणी अशी आहे की या पाचही गटांच्या सीमा, त्यांच्या आसपासच्या वस्त्या, कुरणे आणि झरे दाखवणारा नकाशा आपण स्पॅनिश, इंग्रजी आणि हिंदी भाषांत सर्वांसाठी प्रसिद्ध करावा. शोधाच्या टप्प्यातही भोके पाडण्याला आणि पंपाच्या चाचण्यांना पाणी लागते. ते कोणत्या झऱ्याचे आणि किती, हे आधी जाहीर व्हावे. प्रत्येक खोऱ्याच्या पाण्याचा हिशेब स्वतंत्र जाणकारांकडून, शेजारच्या सर्व प्रकल्पांसह एकत्रित करून घ्यावा, आणि त्यात निदान एक पूर्ण वर्षाचे, म्हणजे ओल्या आणि कोरड्या दोन्ही ऋतूंचे, मोजमाप असावे. पातळी मोजण्याच्या नळ्या जिथे बसवल्या जातील तिथे गावकऱ्यांना स्वतः जाऊन आकडा वाचता यावा. सभा प्रांताच्या राजधानीतल्या हॉटेलात घेऊ नयेत. त्या वस्तीवर घ्याव्यात, आणि जनावरे राखणाऱ्या बायकांना येता येईल अशा वेळी घ्याव्यात, कारण कोणता झरा कोणत्या महिन्यात रोडावतो हे कळपामागे चालणारीलाच माहीत असते. आणि एखाद्या समुदायाने नाही म्हटले तर त्या गटाचे काय करणार, हे ‘काबिल’ने सभेला जाण्याआधीच लेखी सांगावे. नकाराची सोय नसलेल्या सभेला आमच्याकडे सभा म्हणत नाहीत, सूचना म्हणतात.

यासाठी फार मोठा खर्च येणार नाही. जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या राष्ट्रीय महत्त्वपूर्ण खनिज मोहिमेचा खर्च १६,३०० कोटी रुपये आहे. त्यातून परदेशी खाणी मिळवण्यासाठी प्रोत्साहन आहे, तसे त्या खाणींच्या शेजाऱ्यांशी वागण्याचे नियमही असावेत. ते आज लिहिले तर उद्या चिलीत किंवा आणखी कुठे भारतीय कंपन्या जातील तेव्हा त्यांनाही ते लागू होतील. ‘काबिल’ने कातामार्कात शाखा उघडण्याचे ठरवले होते. त्या शाखेत भूवैज्ञानिकाबरोबर स्पॅनिश जाणणारा आणि गावोगाव फिरणारा एक तरी माणूस नेमला जावा. स्पॅनिश शिकलेली मुले-मुली पुण्या-मुंबईत आज पुष्कळ आहेत, आणि त्यांतली कितीतरी ग्रामीण घरांतली आहेत.

या पत्राला मला उत्तर हवे आहे, आणि ते माझ्या पत्त्यावर आले नाही तरी चालेल. पहिले यंत्र त्या पठारावर चढण्याआधी जवळच्या वस्तीतल्या शाळेच्या फळ्यावर स्पॅनिशमध्ये एक कागद लागलेला असावा : आम्ही कोण आहोत, कोणत्या देशाहून आलो, काय शोधतो आहोत, किती पाणी घेणार आहोत आणि तुमच्याशी बोलायला कोणत्या दिवशी येणार आहोत. त्यावर अधिकाऱ्याची सही असावी आणि हरकतीला चार दिवसांहून पुष्कळ जास्त मुदत असावी.

आपली विश्वासू,
उरण तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका